अडीचचा हिशेब

कोलाडला कुंडलिकेच्या काठावर आम्ही पाण्याची वाट बघत होतो. इथलं राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्राच्या भरवशावर. मुळशीचं पाणी सह्याद्री उतरून तिथं वीज देतं, मग नदीला लागतं. त्या दिवशी ते उशिरा सुटणार होतं. राफ्ट उन्हात तापत पडली होती.

राफ्टवरचा पोरगा आला, व्हॉल्व्हची टोपी काढली आणि फुस्सकन हवा सोडली. एका कप्प्यातली, मग दुसऱ्यातली.

“अरे, चांगली टणटणीत होती की!”

“म्हणूनच सोडतोय, काका.”

मला माझी छोटी रबरी बोट आठवली. पहाटेच्या गारव्यात ती घाम गाळून ठोस फुगवली आणि जेवायला जाताना उन्हातच ठेवली. परत आलो तर जोड उसवलेला. दोष मी डिंकाला दिला.

खरा दोष हिशेबाचा होता. मोटारीच्या चाकाला तीसेक पीएसआय दाब लागतो, राफ्टला साधारण अडीचच. पण गेज दाखवतं तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब. बाहेरचे 14.7 धरले तर आतला एकूण दाब 17.2. हवा 20 अंशांवरून 40 वर गेली की हा एकूण दाब जेमतेम सात टक्के वाढतो. बाहेरचा मात्र तेवढाच राहतो, म्हणून सगळी वाढ त्या अडीचवर चढते आणि काटा साडेतीन ओलांडतो. कापड ताणलं जातं म्हणून थोडा कमी, इतकंच.

सैल राफ्टही कामाची नाही. लाटेवर ती मधोमध दुमडते, वल्ह्याचा जोर तिच्या लवचिकपणातच जिरतो. पण सैलपणाची भीती आपल्याला उपजतच असते. घट्टपणाला आपण तयारी समजतो. पुढे ऊन वाढणार आहे, त्याला आत थोडी जागा लागेल, हे सुचत नाही.

पाणी आलं. पोरानं राफ्ट नदीत ढकलली आणि थोडा वेळ नुसती राहू दिली. गार पाण्यानं ती मऊ पडली, तेव्हा पंप लावून एकेका कप्प्यात थोडी थोडी हवा भरत गेला. शेवटी अंगठा दाबून पाहिला. किंचित रुतला.

“आता बरोबर?” मी विचारलं.

“आत्तापुरती बरोबर, काका.”