कपाटाच्या माथ्यावर

कपाट पाणसळीला उभं राहतं, घर राहत नाही. भिंतीला भिंत नेमक्या काटकोनात भेटत नाही, छत एका टोकाला बोटभर खाली उतरलेलं असतं. भिंतभर रुंद आणि छताला भिडणारं कपाट उभं केलं की हा बेबनाव उघडा पडतो. दोघांच्या मधोमध बसतं ते क्राउन मोल्डिंग, म्हणजे माथ्यावरची वळसेदार लाकडी किनार. पुष्कळ ठिकाणी ते शेवटच्या दिवशी घाईत ठोकलं जातं. मला तर कपाटाची खरी परीक्षा तिथेच वाटते.

हा वळसा मुळात पावसासाठी होता. ग्रीक देवळांच्या माथ्यावर पुढे काढलेला दगडी थर पाणी भिंतीपासून लांब टाकायचा. त्याच्याही मागची गोष्ट रोमन वास्तुकार विट्रुव्हियस सांगतो : दगडातले ते दातेरी थर म्हणजे जुन्या लाकडी छपरांच्या वाशांची टोकं. लाकडाचा दगड झाला. पुढे १५६२ मध्ये इटलीच्या विन्योलाने पाच स्तंभशैलींची प्रमाणं आखून दिली. १७५४ मध्ये लंडनच्या टॉमस चिपेंडेलने फर्निचरचं नमुनापुस्तक काढलं, तेही याच शैलींच्या चित्रांपासून सुरू केलं. दगडातला तो वळसा पुन्हा लाकडात आला. घरात पाऊस नाही, पाणी नाही. उरली ती सावली.

मोल्डिंग लाकडाचं असलं तरी दिसते ती त्याची सावली. आधी खोलगट, मग फुगीर, मध्ये एक बारीक धारदार कंगोरा. त्या कंगोऱ्याखाली जी काळी रेघ उमटते ती डोळ्याला सांगते की कपाट इथे संपलं. पॉलिशच्या आधी घासून घासून तो कंगोरा गोल केला की रेघ विरते. गुळगुळीतपणा हा नेहमीच गुण नसतो.

छत वाकडं असेल तर मोल्डिंगने पाणसळीचं ऐकावं की छताचं? दोन रेषा जवळ आल्या की त्यांच्यातला फरक डोळ्यात खुपतो. लांब असल्या की तोच फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. एका टोकाला २ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला १२ मिलिमीटर अशी फट छताखाली कधी ठेवू नये. एक तर कपाट छताच्या चांगलं खाली थांबवावं. नाहीतर दारांच्या वर एक रुंद सपाट पट्टी घ्यावी आणि तिच्यावर मोल्डिंग छताच्या कलाने बसवावं. वाकडेपणा जात नाही. पट्टीच्या रुंदीत वाटला जातो.

मोल्डिंग भिंतीला पाठ टेकून उभं राहत नाही, तिरकं रेलतं. बऱ्याच मोल्डिंगचा हा कल ३८ अंशांचा असतो. ते आडवं पसरून काटकोनी कोपऱ्यासाठी कापायचं तर करवत ३१.६ अंश वळवायची आणि पातं ३३.९ अंश कलवायचं. हेच मोल्डिंग उलटं धरून करवतीवर रेलवलं, म्हणजे खालचं टेबल छत मानलं आणि मागचा आधार भिंत मानली, तर साधे ४५ पुरतात. कोपरा ९२ चा निघाला, तर ४६. वस्तू जशी बसणार आहे तशी हातात धरली की अर्धं गणित सुटतं.

मधला भाग पुढे काढलेल्या कपाटाला आतला कोपराही येतो, आणि या सगळ्या कामातलं मला सर्वांत प्रिय असलेलं काम तिथे आहे. पहिला तुकडा सरळ कोपऱ्यात जाऊन भिडतो. दुसऱ्याचं टोक आधी तिरकं कापायचं, म्हणजे त्यावर वळशाची रेघ उघडी होते. मग बारीक पात्याच्या करवतीने त्या रेघेवरून जायचं, हात मागे कलता ठेवून, आणि मागचं लाकूड काढून टाकायचं. शेवटी उरते ती फक्त दर्शनी कड; ती पहिल्याच्या वळशावर अंगासरशी बसते. कोपरा ८८ चा असो वा ९३ चा, सांधा मिटतो. दोन तुकडे घट्ट भेटावेत म्हणून न दिसणारं लाकूड कमी करायचं, हे हाताला उमगायला वेळ लागतो. भरीव मागची बाजूच पुढच्याला अडवत असते. बाहेरच्या कोपऱ्याला मात्र ही सोय नाही. तिथे दोन्ही छेद नेमकेच हवेत. पुट्टी भरून झाकलेली फट पॉलिशखाली दिसतेच.

राहिला बाजूचा तुकडा. कपाटाची बाजू अस्सल सागाच्या फळीची असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि हे सगळं रुंदीत होतं. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही. बाजूवरून मागे जाणारं मोल्डिंग त्या फळीच्या रुंदीवर स्वतःच्या लांबीने बसलेलं असतं. एक हलणार, दुसरं नाही. दोघांना टोकापासून टोकापर्यंत सरसाने जखडलं तर फळी तडकते, नाहीतर कोपरा उघडतो. म्हणून सरस पुढच्या दोन-तीन इंचांनाच, जिथे सांधा मिटलेला राहायला हवा. मागे आतून स्क्रू, आणि तेही लांबट भोकांतून, सरकायला जागा ठेवून. प्लायवूडच्या कपाटाला हा प्रश्न फारसा येत नाही. सागाचं असेल तर मोल्डिंग चढण्याआधी सुताराला विचारावंच, की सरस कुठपर्यंत लावणार आणि मागची भोकं कशी पाडणार.