नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत नाव ठेवणे हे मंगल कार्य आहे आणि नावे ठेवणे हा दुर्गुण आहे. फरक फक्त वचनाचा. एकवचनात राहिलात तर पेढे मिळतात, अनेकवचनात शिरलात की भांडण होते. शिवाय आपल्याकडे मुलगा नाव काढतो, नाहीतर नाव घालवतो. नवी नवरी नाव घेते. जमीन नावावर होते. आणि कोणी फारच चिडले तर तो 'नाव बदलून ठेवीन' अशी प्रतिज्ञा करतो. इतकी क्रियापदे आपण पैशाच्या मागेसुद्धा लावलेली नाहीत. आणि एवढे सगळे करून हे नाव नेमके कोणाच्या मालकीचे, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

बारशाचेच पाहा. ज्याचे नाव ठेवायचे तो पाळण्यात झोपलेला असतो. आद्याक्षर ज्योतिषी काढतो, नाव आजी-आजोबा पसंत करतात, ते कानात आत्या सांगते आणि त्याबद्दल पाठीत धपाटेही तीच खाते. ज्याला ते सत्तर-ऐंशी वर्षे अंगावर वागवायचे, त्याला कोणी विचारत नाही. साधा सदरा शिवायचा तर शिंपी माप घेतो, पण नाव बेमापी! बरे, मिळाल्यावर तरी ते आपल्या वापरात असते का? आपले नाव आपण उच्चारतो ते टेलिफोनवर नाहीतर बँकेच्या खिडकीपाशी. बाकी सगळा वापर दुसऱ्यांचा. छत्री आपली असली तर शेजारी ती पावसाळ्यात एकदाच नेतो. नाव मात्र सारा गाव रोज नेतो आणि कोणाला ते परत करायची आठवण होत नाही.

आमच्या लहानपणी दर वर्गात एखादा तरी दगडू नाहीतर धोंडू असायचाच. त्याच्या आधीची भावंडे दगावलेली असत. मग जे मूल हाती लागले त्याला मुद्दाम दगडू, धोंडू, केरू, भिकू असे काहीतरी म्हणायचे. यमदूत यादी घेऊन दारात आलाच, तर त्याला वाटावे की इथे नेण्याजोगे काही नाही, एक दगड आहे आणि थोडा केर आहे. यमाचे खातेही आपल्या कचेऱ्यांसारखे नुसत्या कागदावर चालते, समोरचा माणूस तिथेही कोणी बघत नाही, अशी त्या आईबापांची पक्की खात्री असली पाहिजे. या युक्तीचे मला हसू येते, पण ते फार वेळ टिकत नाही. जगाला ऐकवायला दगड म्हणायचे आणि रात्री तोच दगड उराशी धरून झोपायचे, एवढी माया राजेंद्र किंवा सुरेंद्र या नावांत कुठून असणार? आणि दगड टिकतो हो! धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, ते वर्ष त्यांच्या शंभरीचे होते.

पण असेच ओबडधोबड आणखी एक नाव आहे, आणि त्याला हसता येत नाही. ओळीने मुलीच झाल्या आणि त्यावर आणखी एक झाली, की तिचे नाव नकोशी, म्हणजेच नकुसा. इथे यमाला फसवायचे नव्हते. दगडूची आई दगड म्हणायची तेव्हा तिच्या मनात 'राहा बाबा' असे असायचे. नकुसाच्या घरी मनात तेच होते जे तोंडात होते. मास्तर हजेरी घेताना पुकारायचे, "नकुसा," आणि ती पोर उभी राहून म्हणायची, "हजर." २०११ साली सातारा जिल्ह्यात प्रशासनाने अशा मुलींचा शोध घेतला आणि एका समारंभात २८५ जणींना नवी नावे दिली. त्यांतल्या काहींनी आपले नाव स्वतः निवडले. हे नशीब तुमच्या-माझ्या वाट्यालाही आलेले नाही, पण त्यासाठी त्यांना आधी काय सोसावे लागले!

नाव निदान कोणीतरी ठेवते. आडनाव पाठीमागून येऊन चिकटते. मराठी आडनावांची यादी रात्री झोपताना वाचायला उत्तम. तिच्यात खरे आहेत तसे खोटेही आहेत. गोडबोले आहेत, तसे आगलावे, दहातोंडे, पोटदुखे आणि डोईफोडेही आहेत, आणि माझ्या अनुभवात आगलावे हे गोडबोल्यांहून शांत असतात. ज्यांच्या नावाशेवटी 'नीस' येते ते फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस ही सगळी लेखणीची माणसे. फारसीत नवीस म्हणजे लिहिणारा. नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू. घराणे भानूंचे, पण फडावरच्या कामाने ते असे काही झाकून टाकले की आज भानू म्हटले तर कोणाला पत्ता लागत नाही. ही पद्धत पुढेही चालू राहिली असती तर मी बत्तीस वर्षे ज्या टेबलावर काढली त्यावरून माझी मुलेबाळे आज 'आवकजावकनीस' म्हणून ओळखली गेली असती. नोकरीने आपले नाव गिळावे यासाठी निदान नोकरी तरी नानांसारखी पाहिजे.

उरलेली निम्मी आडनावे गावांना 'कर' लावून झालेली. मंगेशीवरून दीनानाथांनी मंगेशकर हे नाव घेतले आणि ते गाव जगाला ऐकू आले. पण 'कर' मंडळी एका विशिष्ट प्रकारच्या सहप्रवाशाची फार पंचाईत करतात. तुम्हाला तो नक्की भेटलेला आहे. गाडी सुटल्यावर तो आधी हवापाण्यावर बोलतो आणि मग विचारतो, "आपलं आडनाव?" कुलकर्णी म्हटले तर तो 'म्हणजे देशस्थ' असे म्हणून आडवा होतो. एखादा 'कर' निघाला की मात्र त्याची झोप उडते. "कर म्हणजे... मूळचे कुठले? कुलदैवत कोणतं हो तुमचं? देशमुखांपैकी कोणी ओळखीचं?" असा पुढल्या स्टेशनापर्यंत तपास चालतो. माझी तर व्याख्या ठरलेली आहे : ज्याच्या आडून जात विचारता येते ते आडनाव.

यात हसण्यासारखे आहे, पण ते गाडीपुरतेच. माझ्या कचेरीतला एक सहकारी, माझ्याच हुद्द्याचा आणि माझ्याहून वक्तशीर, भाड्याची जागा शोधत फिरत होता. मी बरोबर असे. घरमालक खोल्या दाखवायचे, पाण्याची वेळ सांगायचे, चहासुद्धा द्यायचे. सभ्य माणसे! जात कोणीही विचारली नाही. आडनाव तेवढे विचारले. ते ऐकल्यावर कोणाचा पुतण्या अचानक गावाहून येणार असायचा, तर कोणाला रंगकाम काढायचे असायचे. चौथ्या घरी त्याने जिन्यातच मला सांगितले, "या खेपेला तुम्ही बोला. आडनाव तुमचं सांगा, आत राहायला मी जाईन." हे तो हसत म्हणाला. आम्ही तसे केले नाही. पण त्या दिवसापासून आडनावे आता नुसती सवयीपुरती उरली आहेत, असे कोणी म्हणाले की मला तो जिना दिसतो.

आता त्या 'नाव बदलून ठेवीन' या प्रतिज्ञेकडे येतो. ही प्रतिज्ञा पुरुषांची. म्हणजे पुरुषाच्या लेखी यापलीकडे नुकसान नाही. आणि हेच नुकसान आपल्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या लग्नाच्या दिवशी, नवे लुगडे नेसून, उखाण्यांच्या गडबडीत सोसत आल्या. पुरुषाने नाव बदलले तर तो कवी होतो. दामल्यांचे केशवसुत झाले, शिरवाडकरांचे कुसुमाग्रज झाले. (शिरवाडकरांनी आपले टोपणनाव निदान बहिणीच्या नावाच्या आधाराने उभे केले, हे मला आवडते.) बाईने बदलले तर तो विधी. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवे नाव लिहायचे, साखर वाटायची, की जुनी मुलगी संपली. झाशीची राणी मूळची मनकर्णिका, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकही मूळच्या मनकर्णिकाच. कल्याणची एक यमुना जोश्यांच्या घरी आनंदी झाली आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली. दुसरी एक यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी रमा झाली. आपण जयजयकार करतो तो सासरच्या नावांचा. आईने ज्या नावाने जेवायला हाक मारली ते नाव इतिहासात कंसात असते.

माझ्या आईचेही नाव असेच बदलले. वाईट वाटले का, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "वाईट काय वाटायचं? सगळ्यांचीच बदलायची. पण आठ दिवस मला हाक मारली की मी मागं वळून बघायची, कोणाला बोलावतायत म्हणून. सासूबाईंना वाटलं, पोरगी बहिरी आहे. माझ्या माहेरी निरोप धाडायच्या बेतात होते." यातला खरा विनोद पुढेच आहे. एवढ्या समारंभाने लिहिलेले ते नाव माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात उच्चारले नाही. ते तिला "ऐकलंस का" म्हणायचे, ती त्यांना "अहो" म्हणायची. नव्या नावाचा उपयोग एक रेशनकार्डाला झाला. २०२४ पासून महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहायचे ठरले आहे. चांगले झाले. पण आमच्या वेळी ही पद्धत असती तर त्या चौकटीत आईचे कोणते नाव लिहायचे, याचा मला पेच पडला असता. मामा आला की दारातूनच तिला माहेरच्या नावाने हाक मारायचा आणि ती ओल्या हातांनी बाहेर यायची; चालणेसुद्धा वेगळे असायचे. ते नाव मला ठाऊक आहे, पण मी इथे लिहीत नाही. ते वापरायचा हक्क ज्यांना होता त्यांतले आता कोणी नाही.

याच आईने माझ्या लग्नात सुनेसाठी नाव ठरवून ठेवले होते. तिला मुलगी नव्हती. झाली असती तर ठेवायचे म्हणून तिने ते वीसेक वर्षे जपलेले होते. माझ्या हातात अंगठी, पुढे तांदळाचे ताट, आणि आई डाव्या कानाशी ते नाव सांगत होती. उजवीकडून बायको हळूच म्हणाली, "माझंच लिहा." मी तिचेच लिहिले. नाव बदललेच पाहिजे असा कायदा काही नाही, तेव्हाही नव्हता. आई काही बोलली नाही. साखर तिनेच वाटली. पण ती दोन दिवस स्वयंपाकघरात जास्त भांडी घासत होती. बायकोचे बरोबर होते, याबद्दल मला शंका नाही. आईही तिचे काही हिरावून घ्यायला निघालेली नव्हती. ती आपल्या जवळचे जपलेले होते ते देत होती, आणि एकाच ताटात देणे आणि पुसणे दोन्ही होते.

चार वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी बायकोने सासूला विचारले, "आई, तुम्ही माझ्यासाठी ठरवलं होतं ते नाव काय हो? त्या दिवशी मला नीट ऐकू आलं नव्हतं." तिला चांगले ऐकू आलेले होते.

ती मुलगी पुढे शिक्षणासाठी अमेरिकेत गेली आणि तिथेच राहिली. चार अक्षरी, जोडाक्षर असलेले ते नाव तिथल्या माणसांच्या जिभेवर बसेना, म्हणून तिने त्याची दोनच अक्षरे ठेवली, तीही तिकडच्या वळणाची. मला राग आला. मी टेलिफोनवर तिला बरेच सुनावले. "बाबा, नाव माझं आहे ना?" ती म्हणाली. तेव्हा आई ऐंशीची होती. तिने माझ्याकडून फोन मागून घेतला, नातीकडून ते नवे नाव दोनदा वदवून घेतले आणि ओठांतल्या ओठांत घोकले. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा तिने नातीला त्याच नावाने हाक मारली. उच्चार थोडा चुकला, पण पलीकडून लगेच ओ आली.