सोपे आणि उणे

अवघड कलाकृती नवशिक्याच्या हाती द्यावयाची असेल, तर तिच्यातील काय सोडून द्यावे? हा प्रश्न केवळ अध्यापनाचा नाही, त्याला नैतिक बाजू आहे, असे मला अलीकडे वाटू लागले. निमित्त घडले ते बंगळूरजवळच्या व्हाइटफील्डमधील मुक्कामाचे. १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतकरी वसाहत म्हणून वसलेले हे गाव आज संगणक-व्यवसायाचे उपनगर झाले आहे. तेथील एका चर्चच्या गायकवृंदाच्या तालमीला मी स्नेह्यांसोबत जाऊन बसलो. गाणारे मंगळूर, गोवे, केरळ, तमिळनाडू असे चहूकडून आलेले. लॅटिन कोणाचीच मातृभाषा नव्हे. म्हणूनच कदाचित ती सर्वांना सारखीच परकी आणि सारखीच आपली.

ईस्टरसाठी ग्रेगोरियन गान बसवायचे होते. पण मूळ गायनग्रंथातील रचनांत एकेका अक्षरावर स्वरांची लांबलचक माळ. ठेका नाही, वाद्याचा आधार नाही. आठवड्यातून एकदा जमणाऱ्यांना ते पेलणारे नव्हते. संचालकांपुढे दोन मार्ग होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लहान चर्चसाठी सुलभ चालींचा संग्रह असावा अशी इच्छा व्यक्त केली, आणि १९६७ मध्ये ‘ग्रादुआले सिम्प्लेक्स’ निघाला. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्यात अवघड चालींची काटछाट केलेली नाही. परंपरेतच मुळात लहान असलेल्या रचना निवडलेल्या आहेत. मात्र त्या त्या दिवसासाठी नेमलेले शब्द त्यामुळे बदलतात. दुसरा मार्ग म्हणजे नेमलेले शब्द राखून ते स्तोत्रगायनाच्या आठ ठरीव चालींपैकी एकीवर म्हणावयाचे: एक स्वर धरून ठेवायचा, मध्ये व शेवटी थोडे वळण. येथे शब्द राहतो, चाल जाते.

आपल्याकडे एकाच चालीवर अनेक अभंग म्हटले जातात आणि त्याने अभंगाला उणेपणा येतो असे कोणी मानीत नाही. पण ही तुलना पुरती जुळत नाही. अभंगाला अनेक चाली लागू शकतात. येथे शब्द आणि स्वर शतकानुशतके एकत्र नांदलेले आहेत. ख्यालाचा दाखला अधिक नेमका वाटतो. गुरू नवशिक्याला विलंबित ख्याल कापून देत नाही. सरगम-गीत देतो, आणि ते लहान असले तरी पूर्ण असते. म्हणून माझा कल पहिल्या मार्गाकडे. अर्थात हा रसिकाचा कल झाला. प्रार्थना करणाऱ्याला त्या दिवसाच्या शब्दाचे मोल अधिक वाटणार, आणि तेथे माझा अधिकार नाही.

वृंदात सत्तरी ओलांडलेल्या एक गोमंतकीय बाई होत्या; लहानपणी चर्चच्या मेस्तकडे स्वरलिपी शिकलेल्या. आपल्याला येत नाही म्हणून देवाला कमी का द्यायचे, असे त्यांनी विचारले. घाबरत, चाचपडत गाण्यात प्रार्थना उरत नाही, असे संचालकांचे म्हणणे. त्यावर बाई म्हणाल्या, मेस्तनेही आधी सोपेच दिले होते. पण तेथे थांबू दिले नव्हते.

माझी अडचण त्यांनी नेमकी पकडली होती. सोपे देण्यात अपराध नाही. दुसऱ्याची कुवत कोठे संपते हे आपणच ठरवून टाकणे मला आक्षेपार्ह वाटते. १९७४ मध्ये सहाव्या पॉल पोपनी ‘युबिलाते देओ’ ही छोटी पुस्तिका किमान लॅटिन गायन म्हणून बिशपांकडे पाठविली. एकदा किमान ठरले, की तेच कमाल होऊन बसते. आपल्या पाठ्यपुस्तकांचाही हाच अनुभव आहे.

अखेर संचालकांनी बाकी सारे स्तोत्रचालींवर ठेवले; ‘आलेलुया’ तेवढा मूळ चालीत, बाईंसह तिघांनी गावा असे ठरले. त्या रात्री तिघेही दुसऱ्याच ओळीत घसरले. बाईंनी चष्मा पुसला आणि पहिला स्वर पुन्हा दिला.