वृद्ध शिमोनाच्या हातातले बाळ



नाताळ जवळ आला की घरोघरी गोठे उभे राहतात, चांदण्या लागतात, करंज्या आणि कुलकुलांची तयारी सुरू होते. या गडबडीत आपण घरातल्या वडीलधाऱ्यांना विसरतो असे नाही. त्यांना नवे कपडे घेतो, ताट आधी वाढतो, आल्यागेल्याला त्यांचा आशीर्वाद घ्यायला सांगतो. पण एवढ्याने ती माणसे आपल्या सणात सामील झाली का?

माझा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी नाताळच्या दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. पाहुणे होते, मुलांची थट्टामस्करी चालली होती. आईने एकाएकी माझ्या थोरल्या भावाचा विषय काढला. तो तरुणपणीच देवाघरी गेला. करंजी फोडून तो आधी सारण कसे खायचा, हे ती सांगू लागली आणि तिचा आवाज कापू लागला. मी चटकन म्हणालो, "आई, आज सणाचा दिवस आहे. नको ते विषय आज कशाला?" आई गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला आत नेऊन निजव." पुढचा नाताळ तिने पाहिला नाही.

मुलांचा आनंद जपला, असे तेव्हा मला वाटले होते. आज वाटते, मी आईला खुर्ची दिली होती, जागा दिली नव्हती.

ख्रिस्तसभा नाताळ कसा साजरा करते ते पाहा. नाताळच्या अष्टकात, २९ आणि ३० डिसेंबरच्या मिस्सेत, लूकच्या शुभवर्तमानातील दोन म्हाताऱ्या माणसांची हकिकत वाचली जाते. एक शिमोन आणि दुसरी ८४ वर्षांची विधवा हन्ना. मंदिरात त्या दिवशी कितीतरी लोक असतील, पण बाळ येशूला ओळखले ते या वृद्धांनी. मरियेने आणि योसेफाने आपले बाळ शिमोनाच्या हातात दिले. शिमोनाने देवाची स्तुती केली, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. आईच्या जिवातून तलवार जाईल, असेही त्याने मरियेला सांगितले. बाळाला देवाला अर्पण करण्याच्या मंगल दिवशी कोणत्या आईला असे शब्द आवडतील? तरी मरियेने त्याला गप्प केले नाही.

वडीलधारी माणसे सणाला बसतात ती आपल्या आठवणी बरोबर घेऊनच. त्यांत आनंद असतो तसे दुःखही असते. त्यांचा आशीर्वाद हवा आणि दुःख नको, असे म्हणता येत नाही. 'आईबापांचा मान राख' ही चौथी आज्ञा मोठ्या झालेल्या मुलांनाही लागू आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. मान राखणे म्हणजे नुसते पोट भरणे नव्हे, त्यांचे बोलणे ऐकून घेणेही आहे. आणि मुलांचे म्हणाल, तर आजीच्या डोळ्यांत पाणी आल्याने त्यांचा नाताळ बिघडत नाही. आपल्या घरात मेलेल्या माणसावरही प्रेम केले जाते, हे त्यांना त्यातूनच कळते.

काहींना गोंगाट सोसत नाही, काहींना ऐकू येत नाही, काहींना माणसे ओळखू येत नाहीत. त्यांना जबरदस्तीने बैठकीत आणून बसवू नये. "आई, तुला काय आवडेल?" असे आधी विचारावे. तिला आतच बरे वाटत असेल, तर घरातल्या एकेकाने थोडा वेळ तिच्यापाशी जाऊन बसावे. सण तिच्या खोलीतही होऊ शकतो.

या नाताळात एवढे करू या. गोठ्यात बाळ येशूची मूर्ती ठेवण्याचा मान घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला देऊ या. हात थरथरत असेल तर खाली आपला हात धरू या. आणि त्यानंतर ते जे काही बोलतील, ते शेवटपर्यंत ऐकू या.