गाव उठते तेव्हा होकार कोणाचा?



आपल्या वाशीमहून उत्तरेला निघालो, अकोला आणि अकोट मागे टाकले की सातपुड्याच्या रांगा दिसू लागतात. तिथे मेळघाट आहे. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. ॲमेझॉनसारखे बारमाही हिरवे, सतत पाऊस झेलणारे हे अरण्य नव्हे. उन्हाळ्यात पाने गाळणारे सागवानी रान आहे. त्याच्या पोटात कोरकू लोकांची लहान लहान गावे आहेत. समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मधे वाट, गावाचा मुठवा देव आणि मृतांच्या आठवणीसाठी उभारलेले कोरीव लाकडी खांब.

अशा एखाद्या गावाला सांगितले जाते, "ही वाघाची जागा आहे, तुम्ही बाहेर चला." गावाने काय करावे? आणि गाव "हो" म्हणाले, तर तो होकार खरा मानावा का? आज आपण या प्रश्नाचा विचार करू या.

आधी दुसरी बाजू प्रामाणिकपणे ऐकू या. वाघाला शांत, सलग जंगल लागते. ते फक्त वाघाचेच काम नाही. सिपना, गडगा, खंडू, खापरा या नद्या मेळघाटातून वाहत तापीला मिळतात. दक्षिण उतारावरची शहानूर पूर्णेला मिळते आणि आपल्या जिल्ह्याच्या डोंगरांतून निघणारी काटेपूर्णाही त्याच पूर्णेला मिळते. जंगल राहिले तर पाणी राहील, हे आपण वऱ्हाडातल्या माणसांना कोणी शिकवायला नको. शिवाय जंगलातले जगणे सुखाचे आहे असेही नाही. रानडुकरे पीक खातात. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की वाट बंद होते. १९९३ च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यामुळे बाहेर पडलेल्या कुटुंबांपैकी काहींना शाळा, दवाखाना आणि एसटी जवळ आल्याचे समाधान वाटत असेल, तर त्यात नवल नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण होकाराच्या जन्मात आहे. पवित्र शास्त्रातील नाबोथाची गोष्ट आपण जाणतो. अहाब राजाने त्याचा द्राक्षमळा मागितला. बदल्यात चांगला मळा किंवा पैसे देऊ केले. व्यवहार म्हणून ते वाईट नव्हते. तरी नाबोथ नाही म्हणाला, कारण ती वाडवडिलांची जमीन होती. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. पण अहाबाला मळा हवा होता तो भाजी लावण्यासाठी. इथे मागणारे कारण चांगले आहे. म्हणूनच आपण अधिक सावध राहायला हवे. वाईट कारणासाठी केलेली जबरदस्ती लगेच ओळखू येते. चांगल्या कारणासाठी केलेली जबरदस्ती पुण्यासारखी दिसते.

कायद्यानेही हे ओळखले आहे. २००६ मध्ये वन्यजीव कायद्यात झालेली सुधारणा आणि त्याच वर्षीचा वनहक्क कायदा सांगतो की आधी लोकांचे हक्क मान्य करा, ग्रामसभेची मोकळी आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली संमती घ्या, नव्या जागी सोयी तयार करा, मगच गाव हलवा. मोबदलाही ठरला आहे. २००८ पासून प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये आणि २०२१ पासून १५ लाख. कागद नीट आहे.

पण एका आईचा विचार करा. तिच्या गावाला रस्ता नाही, कारण ते जंगलात आहे. वीज नाही, कारण ते जंगलात आहे. लेकरू तापाने फणफणले की खाटेवर घालून न्यावे लागते. वर्षानुवर्षे असे गेल्यावर कोणी विचारले, "जायचे का?" तर ती "हो"च म्हणेल. हा होकार तिचा आहे की तिच्या अडचणीचा? तहानलेल्याला पाण्याच्या बदल्यात घर मागितले आणि त्याने ते दिले, तर त्याला आपण राजीखुशीचा सौदा म्हणू का? वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीने शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, वीज यांसाठी थोडी वनजमीन देण्याची तरतूद आहे. म्हणजे सोय आणि जंगल यांत वैरच आहे असे कायदाही मानत नाही. आधी शाळा आणि दवाखाना द्या, मग विचारा. त्यानंतरचा होकार हा खरा होकार.

दुसरी गोष्ट पुढची आहे. अकोट तालुक्यातील केलपाणी, गुल्लरघाट, धारगड अशी काही गावे जंगलाबाहेर आणली गेली. आश्वासने पूर्ण झाली नाहीत, शेतजमीन मिळाली नाही, अशी लोकांची तक्रार होती. जानेवारी २०१९ मध्ये अनेक कुटुंबे जुन्या जागी परत गेली. तिथे पोलीस आणि वनकर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला आणि दोन्हीकडची माणसे जखमी झाली. जखमी झालेला वनरक्षकही गरिबाघरचाच असतो, हे विसरू नये. संमती ही एका दिवसाची सही नसते. गाव उठल्यावर दहा वर्षांनी तिथली पोरे कुठे आहेत, आलेला पैसा कशात गेला, हे विचारणारा कोणी हवा.

माणूस राहिला की जंगल संपतेच, हेही खरे नाही. ब्राझीलच्या वर्षावनात रबराचा चीक गोळा करणाऱ्या चिको मेंडिस यांनी जंगलतोडीला विरोध केला. १९८८ मध्ये त्यांची हत्या झाली. १९९० मध्ये त्यांच्या नावाने राखीव क्षेत्र झाले, ज्यात चीक गोळा करणारी कुटुंबे राहूनच जंगल सांभाळतात. आपल्या मेळघाटात पायविहीर गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने उजाड जमिनीवर झाडे लावली आणि सीताफळे विकून मिळकत केली. वाघाच्या गाभा क्षेत्रात हे सगळीकडे जमेल असे नाही. पण "एक तर वाघ, नाही तर माणूस" हे वाक्य उच्चारण्याआधी थांबावे, एवढे तरी यातून शिकता येते.

आणि किंमत कोण देतो? पाणी आपल्याला, वाघाचा अभिमान देशाला, कोलकासला मुक्काम पर्यटकाला. घर मात्र कोरकूचे जाते. ज्यांना लाभ होतो त्यांच्यावर काही ऋण राहतेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात आदिवासींशी त्यांच्या जमिनीबाबत सर्वांत आधी बोलले पाहिजे, असा आग्रह धरला होता.

आपण काय करू शकतो? मेळघाटातली कुटुंबे हंगामात मजुरीसाठी सपाटीवर उतरतात. शेतात, वीटभट्टीवर ती भेटतील. त्यांना मजुरी पूर्ण आणि वेळेवर द्या. त्यांच्या लेकरांच्या शाळेची चौकशी करा. आणि त्यांच्या गावाचे नाव विचारा. गाव उठलेले असले तरी नाव त्यांना पाठ असते.