खूण आणि स्थान
(निक्षेपभूमीवरील पाषाणासंबंधी निरूपण)

॥ सर्वज्ञ श्रीचक्रधराय नमः ॥

देहावसानानंतर देहाचा भूमीत निक्षेप करावा, असा आचार महानुभाव मार्गात परंपरेने चालत आला आहे. निक्षेप या शब्दाचा एक अर्थ 'ठेव' असा आहे. जो देह प्रपंचातून आला तो प्रपंचाच्याच स्वाधीन करावा, हा त्यातील भाव. दहन झाले म्हणजे राख पाण्यात जाते आणि जागेचा प्रश्न उरत नाही. निक्षेपात मात्र जागा उरते, आणि जागा उरली म्हणजे तिच्यावर काय ठेवावे, हा प्रश्नही उरतो. दगड कोणता, केवढा, त्यावर काय कोरावे, हा वरवर पाहता पाथरवटाचा विषय वाटतो. परंतु थोडा विचार केला असता तो पदार्थनिर्णयाचा विषय आहे, असे साधकाच्या ध्यानात येईल.

वऱ्हाडातील एका उपदेशी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. घरची माता चाळीस वर्षे उपदेशी होती. पहाटे स्मरणाची गाठी हाती घेतल्याविना तिने चुलीला हात लावला नाही, आणि हातपाय चालत होते तोवर रिद्धपूरची यात्रा चुकविली नाही. तिचा देह पडला तेव्हा तिच्याच शेताच्या कोपऱ्यात निक्षेप झाला. पुढे महिनाभरातच तिच्या लेकरांत वाद उभा राहिला. शहरात नोकरीस असलेला थोरला मुलगा म्हणे, पांढऱ्या संगमरवराचा ओटा बांधू, वर छत्री घालू, आईचे छायाचित्र यंत्राने काळ्या ग्रॅनाइटवर कोरून घेऊ. शेती पाहणारा धाकटा म्हणे, आपल्या मार्गात जीवाच्या नावाने ओटा नाही, काहीच नको. दोघांचे बोलणे तुटेपर्यंत गोष्ट गेली. अखेरीस मुलीने दोघांना आश्रमातील महंतांकडे नेले. दंडवत घालून ती एवढेच म्हणाली, "बाबा, दादाचे खरे की भाऊचे, ते मला कळत नाही. माहेरी गेले की मी आईच्या पायांवर डोके ठेवीत होते. आता ते कोठे टेकवू?"

या तिघांच्याही बोलण्यात काही खरे आहे. म्हणून तिघांचाही विचार केला पाहिजे.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत, असा सर्वज्ञांच्या शास्त्राचा पाया आहे. या चारांची सरमिसळ झाली की आचार बिघडतो. निक्षेपभूमीत जे आहे ते देह, म्हणजे प्रपंच. जीव तेथे नाही. तो आपल्या कर्मानुसार पुढील गतीस गेला. देवता तेथे नाही आणि परमेश्वराचे अधिष्ठानही तेथे नाही. असे असता त्या जागी ओटा उभारून, दिवळी करून, धूप-नारळ वाहू लागलो, तर आपण प्रपंचाला देवतेच्या जागी बसविले, आणि आपल्याच मातेच्या नावाने एक नवे दैवत निर्माण केले. जिने जन्मभर एका परमेश्वरावाचून दुसऱ्या कोणासमोर हात जोडले नाहीत, तिच्याच नावाने हे व्हावे, याहून मोठी विसंगती कोणती?

येथे कोणी आक्षेप घेईल की, रिद्धपूर, पैठण, डोमेग्राम येथील ओटे तरी दगडाचेच आहेत ना? त्यांना आपण मस्तक लावतो, मग या दगडाने काय अपराध केला? याचे उत्तर 'संबंध' या एका शब्दात आहे. त्या ठिकाणी परमेश्वर अवतार आसनस्थ झाले, उभे राहिले, त्यांचा श्रीचरणस्पर्श झाला. पाषाणाला वंद्यत्व येते ते या संबंधाने. त्याच्या घडणीने, रंगाने वा किमतीने ते येत नाही. स्थानपोथीत जागांची नोंद इतक्या काळजीने झाली, ती याच कारणाने. संबंध जेथे आहे तेथे ओबडधोबड दगडही वंद्य. संबंध जेथे नाही तेथे मकराण्याचा संगमरवरही केवळ दगड.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चारांची सेवा साधकाला सांगितली आहे. माता वासनिक होती, मग तिची निक्षेपभूमी सेव्य का मानू नये? येथे पाहावे ते असे. वासनिक सेव्य आहे तो त्याच्या ठिकाणी असलेल्या परमेश्वरविषयक वासनेमुळे. ती वासना जीवाबरोबर जाते, देहाबरोबर भूमीत राहत नाही. म्हणून वासनिकाची सेवा करावयाची ती तो असताना, अन्नाने, वस्त्राने, गोड शब्दाने. जिवंतपणी जे राहून गेले ते दगडाने भरून निघत नाही. कित्येकदा दगड जितका मोठा, तितके राहून गेलेलेही मोठे असते. हे कोणाला दुखविण्यासाठी म्हटलेले नाही. ज्याचे त्याने मनाशी तपासून पाहावे.

मग धाकट्याचे 'काहीच नको' हेच खरे म्हणावे काय? तेही पूर्ण खरे नव्हे. जागेला खूण नसेल तर दोन पिढ्यांनी तेथून नांगर जाईल, कोणी विहिरीचा खड्डा घेईल, कोणी घराचा पाया खणील. ठेव ठेवली तर तिची खूण राखणे हे ठेवणाराचे कर्तव्य आहे. शिवाय 'काहीच नको' या म्हणण्यात कधी विरक्ती असते आणि कधी केवळ कंटाळा वा खर्चाची टाळाटाळ असते. या दोहोंतील भेद बाहेरच्याला दिसत नाही, स्वतःला मात्र दिसतो. तेव्हा खूण असावी, स्थान होऊ नये. सगळा निर्णय या दोन शब्दांत आला.

महंतांनी त्या भावंडांना सांगितले तेही असेच होते. ते म्हणाले, "दगड गेलेल्याच्या कामाचा नसतो, मागे राहिलेल्यांच्या कामाचा असतो. म्हणून तो तुमच्याएवढाच असू द्या, तुमच्या आईएवढा करू पाहू नका. ते कोणत्याही दगडाला साधणारे नाही." त्यानंतर त्यांनी व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या, त्या सर्वांच्याच उपयोगी पडतील अशा आहेत.

पहिली गोष्ट घाईची. नव्याने भरलेली माती कित्येक महिने खचत राहते. त्यात वऱ्हाड-मराठवाड्याची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. महिन्याभरात जड दगड बसविला तर तो वर्षाच्या आत कलतो. म्हणून एक पावसाळा जाऊ द्यावा, आणि मग मुरुमापर्यंत खणून पाया घ्यावा. माती बसण्यास जो काळ लागतो, तोच शोक निवळण्यासही लागतो. शोकाच्या भरात निवडलेला दगड बहुधा मोठा असतो.

दुसरी गोष्ट दगडाची. संगमरवर व शहाबादी फरशी हे चुनखडीच्या जातीचे दगड. पावसाच्या पाण्याने त्यांचा पृष्ठभाग हळूहळू झिजतो आणि अक्षरे पुसट होतात. आपल्या भूमीचा काळा पाषाण कठीण, कोरण्यास कष्टाचा, परंतु एकदा खोल कोरलेले अक्षर तो दीर्घकाळ सांभाळतो. तो बहुधा जवळपासच मिळतो आणि गावच्या पाथरवटाच्या हातालाही काम मिळते.

तिसरी गोष्ट आकाराची. गुडघ्याहून उंच नसावा. ओट्याचा आकार देऊ नये, छत्री नसावी, दिवा ठेवण्यास कोनाडा नसावा. छायाचित्र कोरू नये, कारण जेथे मुख दिसते तेथे आज हार पडतो, उद्या कुंकू लागते आणि परवा नवस बोलला जातो. हे करणारे लोक वाईट नसतात, त्यांना कोणी सांगितलेले नसते इतकेच.

चौथी गोष्ट अक्षरांची. नाव, गाव आणि देहावसानाची तिथी एवढे पुरे. परमेश्वराचे नाव तेथे कोरण्याचा मोह अनेकांना होतो. भाव चांगला आहे, परंतु शेतातील दगडावर चिखल उडतो, गुरे अंग घासतात, वाटसरू पाय देऊन बसतो. ज्या नामाचे स्थान वाचेत आणि मनात आहे, त्याला तेथे उघड्यावर कशासाठी ठेवावे? संगमरवराचे जे द्रव्य वाचेल ते एखाद्या जीर्ण स्थानाच्या डागडुजीस किंवा भिक्षुकांच्या अन्नवस्त्रास लावावे.

हा विचार गृहस्थांनाच लागू आहे असे समजून संन्याशांनी स्वस्थ राहू नये. देशाच्या शेवटी, जेथे कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी झाडाखाली जन्म घालवावा, असा सर्वज्ञांच्या आज्ञेचा आशय आहे. अटन, विजन आणि भिक्षा यांचे मर्मच अनोळखीपणात आहे. ज्याने जन्मभर ओळख पुसण्याचा अभ्यास केला, त्याच्या निक्षेपभूमीवर शिष्यांनी मोठे शिखर चढवावे आणि त्यावर पदव्यांची ओळ कोरावी, असे काही ठिकाणी घडते. त्यामागे शिष्यांचे प्रेम असते यात संशय नाही. परंतु ते गुरूच्या आचरणाला धरून आहे काय, हे शिष्यांनीच विचारावयाचे आहे.

आता मुलीचा प्रश्न राहिला. तो सर्वांत अवघड, कारण तो वादाचा नाही, वियोगाचा आहे. वियोगाचे काय करावे, याचे उत्तर आपल्या पूर्वजांनी आचरून दाखविले आहे. सर्वज्ञ उत्तरापंथे गेले, पुढे श्रीगोविंदप्रभूंचाही वियोग झाला, तेव्हा आचार्य श्रीनागदेव आणि परिवार यांच्या दुःखाला पार नव्हता. त्या दुःखातून काय निघाले? म्हाइंभट्टांनी एकेकास गाठून, विचारून, पारखून लीळा गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. वियोग स्मरणात मुरला आणि स्मरण शेकडो वर्षे लाखो जीवांच्या उपयोगी पडले. स्मरणाचा विषय तेथे परमेश्वर होता, आणि येथे जीव आहे, हा भेद विसरता येत नाही. तरीही शोकाला वळण कोणते द्यावे, ते त्यातून कळते.

महंत त्या मुलीला म्हणाले, "बाई, तू डोके कोठे टेकवू म्हणतेस. तुझ्या आईने कोठे टेकविले ते आठव. तेथेच टेकव."

पावसाळा सरल्यावर त्या शेताच्या बांधावरचाच एक काळा दगड घेतला गेला. पाथरवटाने त्याची एक बाजू घडवून तीन ओळी कोरल्या. थोरल्याने पायाचा खर्च दिला, आणि धाकट्याने पाया स्वतः खणला. मुलगी आली, दगडापाशी थोडा वेळ उभी राहिली, त्यावरील धूळ पदराने पुसली, परंतु मस्तक लावले नाही. आईची गाठी आता तिच्याकडे होती. ती हाती घेऊन तिने तेथेच स्मरण केले. पुढे यात्रेच्या वेळी ती रिद्धपुरास गेली आणि ज्या ओट्यावर चाळीस वर्षे आईचे मस्तक टेकले होते, त्याच ओट्यावर तिने आपले मस्तक ठेवले. लहानपणी आईचे बोट धरून ती तेथे आली होती, तेव्हा ओटा तिच्या छातीपर्यंत येत असे.

माता गेली, तिचा मार्ग गेला नाही. खूण पाहून पाय थांबावेत आणि स्थानी जाऊन मस्तक लवावे, एवढा विवेक ज्या घरात राहिला, त्या घरात मातेचा उपदेश जागा आहे असे समजावे.

॥ दंडवत प्रणाम ॥