पहिला क्लिक

जुन्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत 'वर्किंग कंडिशन' हे शब्द हमखास असतात. ते खरे असूनही खोटे असू शकतात का, हा प्रश्न मला सध्या छळतोय. निमित्त एका मित्राच्या वडिलांच्या याशिका मॅट १२४जीचं. मित्राला तो विकायचाय. मी हौसेनं असे कॅमेरे उघडून बघतो, म्हणून तो माझ्याकडे आला.

१९७० साली आलेला हा जपानी कॅमेरा. त्याला दोन भिंगं असतात. वरच्यातून आपण बघतो, खालच्यातून फिल्म. शटर फक्त खालच्यात. त्यामुळे शटरची पाती चिकटून बंद राहिली तरी वरच्या काचेत दृश्य छान उजळ दिसत राहतं. तुम्ही खुशाल बारा फोटो काढता, रोल धुवायला देता, आणि हाती येते कोरी फिल्म. फोनवर फसलेला फोटो त्याच क्षणी दिसतो. इथे आठवडाभर आपण आनंदात असतो.

या शटरची पाती पूर्ण कोरडी असावी लागतात. पण भिंगाच्या आसपासचं ग्रीस जुनं झालं, उन्हाळ्यात पातळ झालं, की तेलाचा अंश सरकत पात्यांवर येतो आणि ती एकमेकांना चिकटतात. कमी वेग सांभाळणारी छोटी गिअरची साखळीही सुकलेल्या वंगणानं जड होते. तपासायला फिल्म न घालता मागचं झाकण उघडायचं, वेग १ सेकंदावर ठेवायचा आणि उजेडाकडे धरून मागून बघायचं. धड शटर सेकंदभर किर्रर्र करतं आणि मिटतं. आजारी शटर मध्येच अडतं. १/५०० ला मात्र डोळा आणि कान दोन्ही निरुपयोगी. तिथे शटर दुप्पट वेळ उघडं राहिलं तरी आपल्याला पत्ता लागत नाही. निगेटिव्ह फिल्म बिचारी तेवढा जादा प्रकाश पोटात घालते, स्लाइड फिल्म घालत नाही.

यावर एक झटपट उपाय आहे: पात्यांवर लायटरमधल्या पेट्रोलचे दोन थेंब. तेल विरघळतं, शटर टकाटक चालू लागतं. पण तेल गेलेलं नसतं, पसरलेलं असतं. पेट्रोल उडून जातं आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पाती पुन्हा चिकटतात. खरा उपाय म्हणजे शटर खोलून पातं न् पातं पुसणं. त्याला वेळ लागतो आणि पैसेही.

मित्राला थेंबांचा उपाय हवा होता. "जुनी वस्तू आहे, घेणाऱ्यालाही कळतं. आणि विकताना तर चालू असेलच ना?" त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पन्नास वर्षांच्या यंत्राची हमी कोण देणार? मी सगळं खोलून साफ केलं तरी पुढच्या वर्षी एखादी स्प्रिंग तुटू शकते.

पण स्प्रिंग तुटेल हे आम्हा दोघांना माहीत नाही. पाती चिकटणार हे माहीत आहे. घेणाऱ्याला माहीत नाही, आणि तो समोर उभा राहून दहा वेळा बटण दाबेल तरी त्याला कळणार नाही. उलट जितक्या वेळा दाबेल तितकं शटर मोकळं होत जाईल. म्हणून कॅमेरा रात्रभर नुसता ठेवून सकाळचा पहिला क्लिक बघावा असं मी म्हणतो. लोक फोटो काढतात तो बहुधा पहिल्याच क्लिकला. पोरगं हसतं तेव्हा शटर आधी वीसदा वाजवून घ्यायला सवड नसते.

'चालू आहे' या वाक्यात 'उद्याही' हा शब्द न लिहिता वाचला जातो. जाहिरात लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, नाहीतर त्यानं ती लिहिलीच नसती. तेव्हा ते दोन थेंब मला दुरुस्ती वाटत नाहीत. शब्दांऐवजी पेट्रोलनं केलेलं ते एक विधान आहे.

मी थेंब टाकले नाहीत. मित्र दोन दिवस बोलला नाही. मग त्यानं जाहिरात लिहून मला वाचायला पाठवली: 'वरची काच स्वच्छ. १ सेकंदाला पहिल्या क्लिकला अडतो. सर्व्हिसिंग करून घ्यावं लागेल.' किंमत त्यानं बरीच खाली आणली होती, आणि त्याबद्दल तो अजून माझ्यावर नाराज आहे.